वॉर्ड बदलायचाय? नाशिकमधल्या नव्या सिस्टर आणि ब्रदर मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालं, रजिस्ट्रेशन हातात आलं, जो वॉर्ड मिळाला तो घेतला. आता वर्ष-दोन वर्षांनी दुसरीकडे जावंसं वाटतंय. अशांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं नाशिक शहर आणि जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. औषधांचे आकडे हिशेब समजावण्यापुरते आहेत. प्रत्यक्ष डोस रुग्णालयाच्या प्रोटोकॉलप्रमाणे आणि लेखी ऑर्डरप्रमाणेच द्यायचा.

मला नेमकं काय नकोसं झालंय, वॉर्ड की रुग्णालय? कसं ओळखायचं?

महिनाभर एक छोटी वही खिशात ठेवा. ड्युटी संपली की दोनच ओळी लिहा: आज कशाने जीव मेटाकुटीला आला. महिन्याच्या शेवटी त्या नोंदींचे तीन गट करा. पहिला गट कामाचा: ड्रेसिंग, नातेवाइकांची गर्दी, रोजचे तेच ते इंजेक्शनचे राउंड. दुसरा रोस्टरचा: ऑफ कापला, तीन नाइट करून लगेच मॉर्निंग लावली, जोडीची सिस्टर नसल्याने डबल ड्युटी. तिसरा माणसांचा.

दुसरा आणि तिसरा गट मोठा निघाला तर विभाग बदलून फारसं काही हाती लागत नाही. आयसीयूचा रोस्टरही त्याच मेट्रनच्या, म्हणजे नर्सिंग प्रमुखाच्या, टेबलावर तयार होतो. अशा वेळी वॉर्ड तोच ठेवा आणि रुग्णालय बदला. हातातलं कसब सोबत येतं आणि पगाराचं बोलतानाही पारडं तुमच्या बाजूने झुकतं. पहिला गट मोठा असेल तरच पुढचे प्रश्न वाचा. घाईत बदल केलेल्या बऱ्याच जणांनी विभाग सोडला, पण त्रास सोबत नेला.

किती दिवसांनी बदलणं योग्य?

एक वर्ष पूर्ण करा. कागदाच्या बाजूने पाहिलं तर बहुतेक दरवाजे एका वर्षावर उघडतात. भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमानुसार पोस्ट बेसिक डिप्लोमाला स्टाफ नर्स म्हणून एक वर्षाचा अनुभव लागतो. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. नर्सिंग करायचं तर एक वर्षाचा अनुभव आणि 55 टक्के गुण लागतात. एम्सच्या नर्सभरतीच्या नॉरसेट परीक्षेला जीएनएमवाल्यांकडून किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. आठ महिन्यांवर नोकरी सोडली तर ते आठ महिने बायोडेटात दिसतात खरे, पण यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

कामाच्या बाजूनेही कारण आहे. जनरल वॉर्डात वर्षभर काढलं की मॉनिटर नसतानाही पेशंट बिघडतोय हे कळायला लागतं: श्वासाचा वेग वाढलेला, लघवी कमी, पेशंट उगाचच चिडचिडा. ही नजर पुढे कुठल्याही विभागात उपयोगी पडते आणि ती थेट आयसीयूत रुजू झालेल्यांमध्ये उशिरा येते.

अपवाद एकच. छळ होत असेल, सुरक्षितता नसेल, किंवा तुमच्या नावाने खोट्या नोंदी करायला लावत असतील तर वर्ष मोजत बसू नका.

आहे त्याच रुग्णालयात विभाग बदलावा की नवीन नोकरी शोधावी?

आधी आतल्या आत. नवीन जागेत नवीन विभाग म्हणजे दोन्हीकडून फ्रेशर: क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) कुठे, लॅबचा फोन नंबर काय, कोणते डॉक्टर रात्री फोन उचलतात, हेही शिकायचं आणि व्हेंटिलेटरही शिकायचा. जुन्या जागेत निदान अर्धं ओझं कमी होतं.

तोंडी सांगितलेली इच्छा रोस्टरच्या दिवशी कुणालाही आठवत नाही. इनचार्जमार्फत मेट्रनच्या नावे अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. अर्जात तीन गोष्टी हव्यात: कोणता विभाग, का, आणि कोणत्या तारखेपासून. सोबत लिहा की ऑफच्या दिवशी चार-पाच वेळा तिथे निरीक्षणाला यायची तयारी आहे. मॉर्निंग पाळी बघू नका. नाइट बघा. विभागाचा खरा चेहरा रात्री तीनला दिसतो.

सरकारी नोकरीत गणित वेगळं. जिल्हा रुग्णालय असो वा शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय, अधिपरिचारिकेने कुठे काम करायचं हे अधिसेविका (मेट्रन) कार्यालय ठरवतं आणि ठरावीक काळाने फिरवतं. तिथे निवड करता येत नाही, पण आपली नोंद करून ठेवता येते. एखाद्या विभागाचं अधिकृत प्रशिक्षण निघालं की आपलं नाव द्या. नवजात शिशू कक्षाचं चार दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यानंतरची दोन आठवड्यांची निरीक्षण ड्युटी केलेल्या व्यक्तीला सहसा लगेच दुसरीकडे हलवत नाहीत.

आयसीयूला जायचंय. आधी काय यायला हवं?

सर्वात जास्त प्रश्न याच विभागाबद्दल येतात. आणि सर्वात जास्त गैरसमजही इथलेच. आयसीयू म्हणजे यंत्रं नव्हेत. दर तासाला न चुकता तेच ते पाहण्याची, मोजण्याची आणि लिहिण्याची चिकाटी. ज्यांना वॉर्डात इनटेक-आउटपुट चार्ट कंटाळवाणा वाटायचा, त्यांना आयसीयूतही तो तितकाच कंटाळवाणा वाटेल. फक्त इथे तो चुकला की डायलिसिसचा निर्णय चुकतो.

जाण्याआधी इन्फ्युजनचा हिशेब पक्का करा. उदाहरण घ्या. 50 मिलीच्या सिरिंजमध्ये 4 मिलिग्रॅम नॉरअॅड्रेनालिन, म्हणजे 1 मिलीत 80 मायक्रोग्रॅम. पेशंट 60 किलोचा, ऑर्डर 0.1 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. मिनिटाला 6, तासाला 360 मायक्रोग्रॅम. 360 भागिले 80, म्हणजे पंपावर 4.5 मिली प्रति तास. हे रात्री तीनला, दोन अलार्म वाजत असताना, कागदावर करता आलं पाहिजे. आता यातली मेख: अँप्युलवर काही वेळा बायटार्ट्रेट क्षाराचं वजन छापलेलं असतं आणि 2 मिलिग्रॅम बायटार्ट्रेट म्हणजे 1 मिलिग्रॅमच नॉरअॅड्रेनालिन बेस. लेबल न वाचता «दोन अँप्युल टाकायच्या» एवढंच पाठ केलं, तर कंपनी बदलल्या दिवशी डोस निम्मा किंवा दुप्पट होतो.

सिरिंज संपेपर्यंत थांबायचं नाही. वीस-तीस मिनिटं आधी दुसरी भरून, लेबल लावून, पंपावर तयार ठेवा. जास्त डोसवरच्या पेशंटची सिरिंज बदलताना अर्धा मिनिट गॅप पडला तरी बीपी कोसळतं, आणि मग घाबरून दिलेल्या बोलसने (एकदम सोडलेल्या डोसने) 220 वर जातं.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं सॅच्युरेशन अचानक उतरलं तर आधी नळीकडे आणि छातीकडे बघा, स्क्रीनकडे नंतर. क्रम असा: नळी जागेवरून हलली का, कफाने किंवा चावल्याने बंद झाली का, एका बाजूला हवा जातच नाहीये का, आणि शेवटी यंत्र. शंका आली की व्हेंटिलेटरवरून काढून अँबूने (हाताने दाबायच्या श्वासाच्या पिशवीने) शंभर टक्के ऑक्सिजनवर बॅगिंग सुरू करा आणि हाक मारा. हाक मारायला लाजणारे नवीन लोक आयसीयूत धोक्याचे ठरतात, जास्त विचारणारे नाही.

पोटॅशियम क्लोराइडची 10 मिलीची अँप्युल, 15 टक्क्यांची, म्हणजे 20 मिलिइक्विव्हॅलंट. थेट शिरेत कधीही नाही. वॉर्डात हे पाठ असतंच. आयसीयूत हाताशी असलेल्या ट्रेमध्ये ती अँप्युल सलाइनच्या शेजारी पडलेली असते, म्हणून परत सांगितलं.

व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हा मान्य निकष आहे. मुलाखतीत विचारा की नाइटला किती पेशंट सांभाळावे लागतात. «अॅडजस्ट करतो» असं उत्तर आलं तर काय ते समजून घ्या.

एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू) आवडेल असं वाटतं, कारण मला लहान बाळं आवडतात. पुरेसं आहे का?

नाही. इथे बाळं खेळवायची नसतात. 1100 ग्रॅमचं बाळ, त्याची केसासारखी शीर, आणि काचेबाहेर उभी असलेली आई. आवड लागते ती बारकाव्याची.

जेंटामायसिनचंच बघा. अँप्युल 80 मिलिग्रॅम 2 मिलीत. 2 किलोच्या बाळाला 5 मिलिग्रॅम प्रति किलोने 10 मिलिग्रॅम द्यायचे, म्हणजे पाव मिली. सिरिंजवर एक रेघ इकडे-तिकडे झाली तरी टक्केवारीत मोठी चूक. म्हणून 1 मिली औषधात 3 मिली सलाइन घालून 10 मिलिग्रॅम प्रति मिली करतात आणि त्यातलं 1 मिली घेतात. विरळ केलेल्या औषधावर लेबल नसेल तर शेजारची सिस्टर त्याला मूळ औषध समजते. या विभागातल्या डोसच्या चुका अशाच घडतात, अज्ञानाने कमी आणि लेबलाविना जास्त.

ऑक्सिजनच्या बाबतीत वॉर्डातली सवय मोडावी लागते. मोठ्या माणसाचं सॅच्युरेशन 99 दिसलं की आपल्याला बरं वाटतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना 90 ते 95 च्या मध्येच ठेवायचं, कारण जादा ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याला इजा होते. 2 किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची डोळ्यांची तपासणी चौथ्या आठवड्याला ठरलेली असते. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख लिहिणं आणि पेठ किंवा हरसूलकडच्या आईला ती नीट समजावून सांगणं हे तुमचंच काम. बस कुठून पकडायची तेही सांगा, नाहीतर तारीख कार्डावरच राहते.

ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नातेवाईक नसतात, नाइट कमी असतात. म्हणून जावं का?

कारण वाईट नाही, पण किंमत माहीत असू द्या. चार-पाच तास एका जागी उभं राहणं, सर्जनचा पारा, आणि तातडीची शस्त्रक्रिया आली की घरी जायची वेळ विसरणं. ओटीत तीन-चार वर्षं काढली की वॉर्डातली औषधं, पेशंटशी बोलणं, एकाच वेळी दहा जणांवर लक्ष ठेवणं हे सगळं गंजतं. परत यायचं असेल तर महिन्यातून एक-दोन पाळ्या रिकव्हरीत मागून घ्या.

काम शिकायचं तर ट्रेने शिका: आधी बेसिक सेट, मग सिझेरियन, मग लॅपरोटॉमी. अवजारांची नावं पाठ करण्यापेक्षा कोणत्या टप्प्यावर काय लागतं ते लक्षात ठेवा. मॉप आणि अवजारांची मोजणी तीनदा: सुरुवातीला, पोकळी बंद करण्याआधी, त्वचा शिवण्याआधी. मोठ्याने, दोघांनी मिळून, फळ्यावर लिहून. आकडा जुळला नाही तर सर्जन कितीही घाईत असोत, ते तिथेच सांगायचं. ऑटोक्लेव्हमधून पॅक ओला निघाला तर तो निर्जंतुक धरायचा नाही. 121 अंश, 15 पौंड दाब, पंधरा-वीस मिनिटं हे सगळं बरोबर असूनही ड्रम ठासून भरला असेल तर वाफ आत पोचत नाही.

कॅज्युअल्टी कुणी निवडावी?

ज्याला अपुऱ्या माहितीवर काम सुरू करता येतं त्याने. नाशिकमध्ये या विभागाला कामाचा तोटा नाही. मुंबई-आग्रा महामार्ग, पुणे रस्ता आणि समृद्धीवरचे अपघात, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली यंत्रात सापडलेली बोटं, आणि 2027 च्या सिंहस्थात तर गर्दीच गर्दी. बीएलएस आणि एसीएलएस (हृदय बंद पडल्यावर करायच्या उपचारांचे प्राथमिक आणि प्रगत कोर्स) दोन्ही करून ठेवा. अमेरिकन हार्ट असोसिएशनची प्रमाणपत्रं दोन वर्षंच चालतात, तेव्हा मुलाखतीच्या तोंडावर करा, तीन वर्षं आधी नव्हे.

दोन गोष्टी मात्र इथल्या मातीतल्या आहेत आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात तितक्या शिकायला मिळत नाहीत.

पहिली, फवारणीच्या औषधाची विषबाधा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातून असे पेशंट येतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर आधी हातमोजे, मग पेशंटचे कपडे काढून साबणपाण्याने अंग आणि केस धुणं. हे राहिलं तर त्वचेतून विष जातच राहतं. अॅट्रोपिनच्या 0.6 मिलिग्रॅमच्या अँप्युल असतात. मोठ्या माणसाला सुरुवात 3 ते 5 अँप्युलने आणि दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत. बाहुल्या मोठ्या झाल्या किंवा नाडी वाढली म्हणून थांबायचं नाही. छातीतली घरघर गेली का, ते ऐकायचं. म्हणून अशा पेशंटला घ्यायच्या वेळी पन्नास-साठ अँप्युल मोजून बाजूला काढतात. पुढे ताप, बडबड, लघवी अडकणं दिसलं तर अॅट्रोपिन जास्त झालंय, लगेच कळवा. पोलिसांना कळवणं, कपडे आणि जठरातला नमुना सीलबंद करणं हेही विसरू नका.

दुसरी, साप. भातलावणीच्या दिवसांत सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीकडून पेशंट येतात. रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी नर्सच्या हातात असते: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली ताजं रक्त, वीस मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरकी करून बघायची. प्लास्टिकची नळी किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि नको तिथे अँटिव्हेनम सुरू होतं. अँटिव्हेनमच्या साधारण 10 कुप्या पहिल्या तासाभरात जातात. लहान मुलालाही तितक्याच, कारण सापाने विष वजन पाहून सोडलेलं नसतं. रिअॅक्शन आली तर म्हणून शेजारी अॅड्रेनालिन अर्धा मिली सिरिंजमध्ये भरून ठेवायचं, मगच ड्रिप सुरू.

डायलिसिस किंवा कॅन्सर विभाग?

दोन्हीकडे तोच पेशंट परत परत येतो, त्यामुळे ओळख होते. काहींना याचा आधार वाटतो, काहींना ते मृत्यू पचत नाहीत.

डायलिसिसचं वेळापत्रक सरळ: चार तासांचा एक सेशन, बहुतेकांना आठवड्यातून तीनदा. बऱ्याच केंद्रांत मशीन तंत्रज्ञ सांभाळतात, म्हणून फिस्तुलात (डायलिसिससाठी जोडलेल्या हातातल्या शिरेत) सुई घालणं तुम्हाला शिकवणार का, हे आधी विचारा. नाहीतर दोन वर्षांनी तुम्ही फक्त बीपी मोजलेलं असेल. रुजू होण्याआधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस (0, 1, 6 महिने) आणि त्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी. पातळी 10 मिलि-आययू प्रति मिलीच्या वर हवी.

केमोथेरपीत मुख्य भीती औषध शिरेबाहेर जाण्याची. जळजळ सांगितली की ड्रिप थांबवायची, पण कॅन्युला उपटायची नाही. आधी तिच्यातूनच जमेल तेवढं औषध ओढून घ्यायचं. पुढे डॉक्सोरुबिसिनला थंड शेक आणि विनक्रिस्टिनला गरम. उलट केलं तर नुकसान वाढतं. गरोदर असाल, तसं नियोजन असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर ही औषधं हाताळायची नाहीत, आणि ते इनचार्जला लेखी सांगायचं.

मानसोपचार नर्सिंगला इथे वाव आहे का?

राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, नाशिकला नाही. इथे जिल्हा रुग्णालयाचा विभाग, वैद्यकीय महाविद्यालयं, खासगी केंद्रं आणि व्यसनमुक्तीचं काम. घर सोडायची तयारी असेल तर बंगळुरूच्या निम्हान्सचा एक वर्षाचा मानसोपचार नर्सिंग डिप्लोमा करा. त्या कागदाला देशभर मान आहे.

रुग्णालयच नको, गावाकडे काम करायचंय.

बी.एस्सी. झालेल्यांसाठी समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आहे, उपकेंद्रावरच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात. राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं कंत्राटी पद. मानधन 25 हजार आणि कामाच्या निर्देशकांवर 15 हजारांपर्यंत. दुसरा भाग दरमहा पूर्ण पडेलच असं धरून घराचा हप्ता ठरवू नका. नाइट नाही, पण एकटेपणा आहे आणि ऑनलाइन नोंदी भरपूर. सुरगाण्यात कोकणा आदिवासींची कोकणी बोली कानावर पडेल. बीपी-शुगरपुरती ती शिकलात तर ओपीडी दुप्पट होते.

कोणता कोर्स खरा आणि कोणता पैसे घालवणारा?

तीन महिन्यांचे «आयसीयू डिप्लोमा» जाहिरातींत दिसतात. भारतीय नर्सिंग परिषदेचा पोस्ट बेसिक डिप्लोमा एक वर्षाचा असतो: क्रिटिकल केअर, इमर्जन्सी, नवजात, ऑपरेशन रूम, कॅन्सर, मानसोपचार आणि आणखी काही. बी.एस्सी.वाल्यांना क्रिटिकल केअरमध्ये दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमही आहे. फी भरण्याआधी त्या संस्थेची, त्या विषयाची आणि त्याच वर्षाची मान्यता परिषदेच्या यादीत पाहा. एम.एस्सी. आणि पोस्ट बेसिक बी.एस्सी.साठी विद्यापीठ म्हणजे आपलं म्हसरूळचंच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, 1998 पासूनचं. संलग्नता तिथेच कळते.

विभाग नक्की नसताना एम.एस्सी. करू नका. एम.एस्सी.त विषय पाचच आहेत: मेडिकल-सर्जिकल, स्त्रीरोग व प्रसूती, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. एकदा घेतला की बदलणं अवघड.

नोकरी सोडताना काय चुकतं?

कागद. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभव प्रमाणपत्र वेगळे असतात, दोन्ही घ्या. अनुभव प्रमाणपत्रात पद, विभाग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पूर्णवेळ, आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या हवी. «स्टाफ नर्स म्हणून काम केले, वर्तणूक चांगली» एवढ्यावर नॉरसेटचा फॉर्म अडतो आणि आखातातली कागदपत्रंही. मधेच विभाग बदलला असेल तर प्रत्येक विभागाच्या तारखा वेगळ्या लिहून घ्या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर जे नाव आहे तेच प्रमाणपत्रावर घ्या.

मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवायला देऊ नका. दाखवा आणि परत घ्या. नोटीस पिरियड नेमणूकपत्रात पाहा. तोंडी सांगितलेला बॉण्ड आणि सही केलेला बॉण्ड वेगळे.

पीएफसाठी यूएएन (खातेदाराचा कायमचा क्रमांक) एकच ठेवा. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती स्वतः ऑनलाइन भरता येते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. सीएनईची (नोकरीतल्या सततच्या प्रशिक्षणाची) प्रमाणपत्रं जुन्या रुग्णालयाच्या कपाटात राहतात आणि मग ऐनवेळी धावाधाव. सोडतानाच ती घेऊन या.

लवकरच बाळाचा विचार आहे. आत्ता बदलू का?

हिशेब करूनच. मातृत्व लाभाच्या कायदेशीर तरतुदींनुसार पहिल्या दोन मुलांपर्यंत 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, पण अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्या ठिकाणी किमान 80 दिवस काम झालेलं हवं. नवीन जागी हे दिवस भरतील का ते मोजा. आणि केमो किंवा कॅथलॅब तूर्त टाळा.

ब्रदर लोकांना कोणते विभाग मिळतात?

आयसीयू, कॅज्युअल्टी, ओटी, डायलिसिस, ऑर्थो, मानसोपचार. लेबर रूम जवळपास नाहीच, शिकताना केसेस केल्या असल्या तरी. नॉरसेटमध्ये 80 टक्के जागा महिलांना आणि 20 टक्के पुरुषांना, त्यामुळे केवळ त्यावर भिस्त ठेवू नका.

पगार कमी होईल का?

आतल्या आत बदललात तर सहसा नाही. बाहेर गेलात तर कधी कधी नवीन विभागाचा फ्रेशर धरतात. बोलताना «सीटीसी» (कंपनीला पडणारा एकूण खर्च) नव्हे, हातात किती येतील ते विचारा: नाइट भत्ता, पीएफ कोणाच्या हिश्श्यातून, जेवण, आणि येण्याजाण्याची सोय. आडगाव किंवा इगतपुरीची नोकरी सिडकोतून करायची तर महिन्याचं पेट्रोल पगारातून वजा करून तुलना करा. ईव्हनिंग आठला संपते असं कागदावर असतं. हँडओव्हर होऊन गेटबाहेर पडायला नऊ वाजतात.

नवीन विभागात तीन महिने झाले. चूक झाली असं वाटतंय. परत जाऊ?

तिसरा महिना फसवा असतो. पहिल्या महिन्यात सगळे सांभाळून घेतात, दुसऱ्यात तुम्ही सोबतीने पेशंट घेता, तिसऱ्यात एकट्याने. नेमक्या तेव्हा चुका दिसायला लागतात, आणि इनचार्जचा आवाजही चढतो. सहा महिन्यांपर्यंत थांबा, पण नुसतं थांबू नका. ज्या पाच गोष्टींना हात थरथरतो त्यांची यादी इनचार्जला द्या आणि प्रत्येक गोष्ट तीन वेळा कुणाच्या तरी देखरेखीखाली करून तारखेसह सही घ्या. एनएबीएच (रुग्णालयांच्या दर्जाचं) मानांकन असलेल्या रुग्णालयात अशी कौशल्यांची नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे ही मागणी कुणाला विचित्र वाटणार नाही.

सहा महिन्यांनंतरही ड्युटीच्या आदल्या रात्री झोप लागत नसेल तर मागच्यासारखाच अर्ज, आवक शिक्क्यासह. परत जुन्या वॉर्डात गेलात तरी त्या सहा महिन्यांचं प्रमाणपत्र विभागाच्या नावासह मागून घ्या.